आई रोज विचारते "गोळी घेतलीस का?" आणि मी रोज हो म्हणतो

पत्र थोडक्यात (ओळख पटेल असे तपशील काढलेत): मुलगा २५ वर्षांचा, मूळचा सांगलीकडचा, दीड वर्षापासून पुण्यात आयटी सपोर्टमध्ये नोकरीला, शिफ्ट दर महिन्याला बदलते. विशीत दोन्ही किडन्या निकामी झाल्या, वर्षभर डायलिसिस झालं, मग आईने स्वतःची किडनी दिली. ट्रान्सप्लांटला आता चार वर्षं झाली. सकाळी नऊ आणि रात्री नऊ अशा दोन वेळांना टॅक्रोलिमस (थोडक्यात टॅक्रो) आणि मायकोफेनोलेट, म्हणजे शरीराने नवी किडनी नाकारू नये म्हणून प्रतिकारशक्ती दाबून ठेवणारी औषधं, सकाळी थोडं स्टिरॉइड, शिवाय बीपीची गोळी. घरी होता तोवर आई गोळ्या आणि पाण्याचा ग्लास हातात द्यायची. पुण्यात आल्यापासून रात्रीचा डोस आठवड्याला दोन-तीनदा तरी राहतो. कधी झोप लागते, कधी रूममेट्सबरोबर बाहेर जेवायला असतो (त्यांना ट्रान्सप्लांटचं काहीच माहीत नाही), कधी महिनाअखेरीला पैसे संपतात म्हणून पट्टी पुरवून वापरतो. हात थरथरतात, ऑफिसात चहाचा कप उचलला की लोक बघतात, म्हणून टॅक्रोचा मनातून रागही आहे. आई रोज रात्री सव्वानऊला फोन करून विचारते, तो हो म्हणतो. तपासणीच्या आधीचे चार-पाच दिवस मात्र सगळे डोस अलार्म लावून घेतो, त्यामुळे टॅक्रो लेव्हल बरोबर येते, क्रिएटिनिन (किडनी कशी चालतेय हे दाखवणारा रक्तातला आकडा) १.३ आहे, डॉक्टर म्हणतात छान चाललंय.

तो लिहितो, "ताई, एकजण म्हणाला की चार-पाच वर्षांनी शरीर किडनी स्वीकारतं, मग थोडं इकडेतिकडे चालतं. माझे रिपोर्ट पण तेच सांगतात ना? तरी रात्री झोप लागत नाही. आईने माझ्यासाठी पोटावर एवढं मोठं ऑपरेशन करून घेतलं आणि मला एक गोळी वेळेवर घेता येत नाही, इतका कसा मी कृतघ्न? आईला खरं सांगू का, की गुपचूप सुधारू आणि विषय संपवू?"

---

पत्र लिहिलंस ते फार बरं केलंस. वयाने लहान आहेस म्हणून अरे-तुरे करतेय, चालेल ना. आईला सांगायचं की नाही यावर आपण बोलूच, पण आधी मला दुसरंच काहीतरी बोलायचंय, कारण ते जास्त घाईचं आहे आणि तुझ्या पत्रात त्याचा प्रश्नच नाहीये. डॉक्टरांना सांगू का, असं तू विचारलेलं नाहीस. पूर्ण पत्रात डॉक्टर येतात ते फक्त "छान चाललंय" म्हणायला.

तर पहिलं काम हे. उद्या-परवात, पुढच्या अपॉइंटमेंटची वाट न बघता, तुझ्या ट्रान्सप्लांट कोऑर्डिनेटरला नाहीतर नेफ्रोच्या, म्हणजे किडनीच्या डॉक्टरांच्या, ओपीडीत फोन कर. सांग की दीड वर्ष झालं, माझे रात्रीचे डोस आठवड्याला दोन-तीन राहतायत, मी आतापर्यंत बोललो नव्हतो, मला लवकरची वेळ द्या. बस, एवढंच. कारणं, माफी, सगळं नंतर. आणि तोपर्यंत आज रात्रीपासून लिहून दिलेला डोस लिहून दिल्यासारखाच घे, राहिलेलं भरून काढायला दोन-दोन गोळ्या अजिबात घ्यायच्या नाहीत. टॅक्रो जास्त झाली तर तीच गोळी किडनीला त्रास देते, हात अजून थरथरतात, पोटॅशियम वाढू शकतं, ते वेगळंच होऊन बसेल.

आता तुझ्या रिपोर्टकडे येऊ, कारण तू सगळा भरवसा त्याच्यावर ठेवलायस. टॅक्रो लेव्हल म्हणजे काय, तर आदल्या रात्रीच्या डोसला बारा तास झाल्यावर आणि सकाळचा डोस घ्यायच्या आधी रक्तात औषध किती उरलंय तो आकडा. टॅक्रो शरीरात अर्धी व्हायला सरासरी बारा तास धरतात, प्रत्येकाचं थोडं कमी-जास्त असतं. म्हणजे दोन-तीन दिवस नीट डोस घेतले की लेव्हल जिथे असायला पाहिजे तिथे येऊन बसते. तू चार-पाच दिवस घड्याळ लावून घेतोस आणि मग रक्त देतोस, तर तो आकडा त्या चार-पाच दिवसांचा आहे रे, आधीच्या दोन-अडीच महिन्यांबद्दल त्यात काहीही नाही. आणि तो आकडा बघून तुझे डॉक्टर तुझा डोस ठरवतायत. उलटंही होऊ शकतं हे लक्षात घे, एखाद्या वेळी तुझी आधीची तयारी चुकली, लेव्हल कमी आली, आणि डॉक्टरांनी हा नीट घेतोय असं समजून डोस वाढवला आणि तू घाबरून तो वाढवलेला डोस खरंच सगळा घ्यायला लागलास तर लेव्हल वर जाऊन पुन्हा किडनीलाच त्रास. डॉक्टर कितीही हुशार असले तरी त्यांच्या हातात जी माहिती आहे त्यावरच निर्णय घेणार ना.

क्रिएटिनिनचंही तसंच. १.३ चांगलंच आहे, वाईट अजिबात नाही. पण क्रिएटिनिन उशिरा बोलतं. किडनीत राखीव ताकद बरीच असते, आतमध्ये नुकसान सुरू झालेलं असलं तरी आकडा बरेच दिवस हलत नाही, आणि हलतो तेव्हा बराच भाग गेलेला असतो. तुझ्यासारख्या अधूनमधून चुकणाऱ्या डोसमध्ये जी भीती असते ती अशी की औषधाचा पहारा ढिला पडला की शरीर त्या किडनीच्या विरोधात अँटिबॉडी बनवायला लागतं, त्याला डीएसए म्हणतात, आणि त्याने हळूहळू, काही दुखत नाही, ताप नाही, लघवी नेहमीसारखी, आणि तरीही किडनी खराब होत राहते. त्या अँटिबॉडीची रक्ताची तपासणी होते, लघवीतलं प्रोटीन बघतात, गरज वाटली तर बायोप्सी, म्हणजे किडनीचा छोटा तुकडा काढून तपासणी, करतात. पण तू सगळे डोस घेतोयस असंच ज्यांना वाटतंय ते या तपासण्या आत्ता कशाला करतील? म्हणून म्हटलं, तो फोन आधी.

"शरीर स्वीकारतं" हे तुला कुणी सांगितलं माहीत नाही, चांगल्या मनानेच सांगितलं असेल, पण ते खरं नाही. १९५४ साली बोस्टनला पहिलं यशस्वी किडनी ट्रान्सप्लांट झालं ते अगदी एकसारख्या जुळ्या भावांमध्ये, एकाची किडनी दुसऱ्याला, म्हणून शरीराला ती परकी वाटलीच नाही. बाकी कुणाचीही किडनी, सख्ख्या आईची का असेना, शरीर परकीच धरतं, आणि चार वर्षांनी किंवा चौदा वर्षांनी ते विसरत नाही. सत्तरच्या दशकात मृत दात्याची किडनी वर्षभर टिकणं हीच मोठी गोष्ट होती. ऐंशीच्या दशकात सायक्लोस्पोरिन हे प्रतिकारशक्ती दाबणारं औषध आलं आणि चित्र पालटलं. मग १९८४ मध्ये जपानमधल्या त्सुकुबा डोंगराच्या पायथ्याच्या मातीत एक जंतू सापडला, त्याच्यापासून तुझी टॅक्रो आली. तुझी किडनी आज शांत बसलीये ती या गोळीमुळे. हो, काही मोजक्या लोकांची औषधं कमी किंवा बंद करता आल्याची उदाहरणं आहेत, त्यात लिव्हर ट्रान्सप्लांटवाले जास्त, पण ते डॉक्टरांच्या देखरेखीत, वारंवार तपासण्या करत केलेलं असतं. आपल्याआपण रात्रीचा डोस गाळणं आणि ते, यांचा काही संबंध नाही.

आता कृतघ्न. हा शब्द तू पत्रात तीनदा लिहिलायस (वर मी एकदाच घेतला). मला असं वाटतं की याच शब्दामुळे तू अडकलायस. कारण बघ, गोळी राहिली की मी वाईट मुलगा, आणि वाईट मुलगा असणं कुणाला सहन होणार, म्हणून लपवायचं, लपवलं की मदत मागता येत नाही, मदत नाही म्हणून परत राहते. यात गोळी राहण्यापेक्षा लपवणं जास्त नुकसान करतंय. आणि गोळ्या राहणं हा काही तुझ्या एकट्याच्या स्वभावाचा दोष नाही. जागतिक आरोग्य संघटनेने २००३ सालीच मांडलं होतं की विकसित देशांतसुद्धा दीर्घ आजारांची औषधं नियमित घेणारे जेमतेम निम्मे असतात. आणि ट्रान्सप्लांटमध्ये तर तुझं वय, म्हणजे साधारण सतरा-अठरा ते चोवीस-पंचवीस, हेच सगळ्यात जास्त किडन्या हातच्या जाण्याचं वय म्हणून डॉक्टर ओळखतात. घर सुटतं, आईचा हात सुटतो, नोकरी नवी, मित्र नवे, आणि "मी आजारी माणूस" ही ओळख मागे टाकायची इच्छा. तुझे डॉक्टर हे ऐकून धक्का बसून खुर्चीतून पडणार नाहीत, त्यांनी हे याआधी ऐकलेलं असणार. रागावतील कदाचित, एखादं वाक्य लागेल असं बोलतील, ते ऐकून घे आणि खुर्चीतून उठू नकोस.

आईवर प्रेम असेल तर गोळी आठवेलच, हे गृहीतच मला मान्य नाही. प्रेमाने नऊ वाजता जाग येत नाही. तू आईवर किती प्रेम करतोस ते तुझ्या पत्रात दिसतंय आणि तरी गोळ्या राहतायत, म्हणजे अडचण दुसरीकडे कुठेतरी आहे. आणि एक सांगू, ही किडनी आता तुझी आहे. आईने दिली, ती कर्जाऊ नाही दिली. रोज रात्री हप्ता भरायला बसल्यासारखी गोळी घ्यायची म्हटलं तर कुणालाही तिचा कंटाळा येईल.

मग अडचण कुठे आहे? तू "डोस राहतो" असं एकच वाक्य लिहिलंयस पण त्यात तीन वेगळ्या गोष्टी आहेत. झोप लागते ते विसरणं. मित्रांसमोर घेत नाहीस ते टाळणं. महिनाअखेरीला पुरवतोस तो पैशाचा प्रश्न. अलार्म फक्त पहिल्यावर चालतो. म्हणून तर नुसता अलार्म लावून तुझा प्रश्न सुटत नाही, अलार्म वाजतो तेव्हा तू हॉटेलात बसलेला असतोस, खिशात पट्टी असते, पण ती काढली की तो फॉइलचा आवाज होणार, कुणीतरी विचारणार "काय रे, कसली गोळी", आणि मग तू मोबाईल उलटा ठेवतोस, घरी गेल्यावर घेऊ म्हणतोस, घरी पोचायला साडेबारा. बरोबर ना?

आधी विसरण्याचं बघू, ते सोपं आहे. नऊ आणि नऊ हीच वेळ तुझ्या नशिबी लिहिलेली नाही. बारा तासांचं अंतर महत्त्वाचं, घड्याळातला आकडा नाही. तुझ्या शिफ्ट बघून डॉक्टरांशी बोल, समजा सात-सात किंवा अकरा-अकरा अशी एखादी वेळ निघते का जी तुझ्या तिन्ही शिफ्टमध्ये जागेपणीच येते, आणि एकदा ठरली की सुट्टीच्या दिवशीही तीच. शिफ्टप्रमाणे दर महिन्याला वेळ फिरवत बसू नकोस. शिफ्ट फिक्स करून घ्यायची असेल तर डॉक्टरांचं पत्र मिळतं, त्यात सगळं निदान लिहायची गरज नसते, "वैद्यकीय कारणासाठी ठरावीक वेळ आवश्यक" एवढं पुरतं, मॅनेजरला बाकी सांगणं तुझ्या मर्जीवर.

दुसरं, दिवसातून एकदाच घ्यायची टॅक्रो मिळते. तीच टॅक्रो, पण शरीरात हळूहळू सुटणारी. ज्यांचा रात्रीचाच डोस राहतो त्यांच्यासाठी याचा विचार डॉक्टर करतात, सकाळी एकदा घेतली की झालं. पण याची दुसरी बाजूही आहे, ती एक राहिली तर अख्खा दिवस गेला, आणि मायकोफेनोलेट बहुतेक वेळा दोनदाच राहतं, म्हणजे रात्र पूर्ण सुटत नाही. मला विचारशील तर तुझ्यासाठी हे विचारण्यासारखं आहे, कारण सकाळचा डोस तू चुकवत नाहीस असं दिसतंय. फक्त जुन्या कॅप्सूल दोन्ही वेळच्या एकदम सकाळी घेऊन घरच्या घरी हा प्रयोग करायचा नाही, ती गोळी वेगळी असते आणि बदलल्यावर लेव्हल परत बघावी लागते.

आठवड्याचा डबा आण, मेडिकलमध्ये मिळतो, सात दिवसांचा, सकाळ-रात्र असे खण असलेला. रविवारी दुपारी जेवण झालं की बसून भर. टॅक्रोच्या कॅप्सूल फॉइलमधून काढून डब्यात टाकू नकोस, त्यांना दमट हवा सोसत नाही. कात्रीने पट्टी कापून एकेक खण फॉइलसकट ठेव, कडा टोचतात म्हणून कोपरे थोडे गोल काप. याचा मुख्य फायदा आठवण नाही. "घेतली का नाही" हा प्रश्न संपतो, खण रिकामा म्हणजे घेतली. आणि दर रविवारी आपोआप कळतं की आठवड्यात किती राहिल्या, ते त्याच वेळी मोबाईलमध्ये लिहून ठेव, डॉक्टरांना तोच आकडा सांगायचा. एक जास्तीचा डोस ऑफिसच्या बॅगेत, फॉइलसकट, कायम.

आणि डोस उशिरा आठवला तर काय करायचं, हे डॉक्टरांकडून कागदावर लिहून घे. किती तास उशीर झाला तर घ्यायची, किती झाला की सोडून द्यायची, उलटी झाली तर परत घ्यायची का. प्रत्येक युनिटचा नियम थोडा वेगळा असतो म्हणून मी इथे तास लिहीत नाही. दुप्पट घ्यायची नाही हे मात्र सगळीकडे सारखंच.

आता मित्र. सगळ्यांना सांग असं मी म्हणणार नाही, तुझं शरीर आहे, कुणाला काय सांगायचं तो तुझा अधिकार. पण खोलीत राहणाऱ्यांपैकी एकाला तरी सांग, ज्याच्यावर तुझा विश्वास आहे अशा. याचं कारण फक्त गोळी नाही. तुला रात्री १०२ ताप आला, उलट्या-जुलाब सुरू झाले आणि रूममेटने प्रेमाने कोपऱ्यावरच्या मेडिकलमधून ब्रुफेन नाहीतर डायक्लोफिनॅक आणून दिलं तर? ही पेनकिलर तुझ्या किडनीला चालत नाहीत. जुलाब चालू असताना टॅक्रोची लेव्हल बऱ्याचदा उलट वर जाते. ताप तुझ्यासाठी फोन करण्याचं कारण आहे, क्रोसिन घेऊन झोपण्याचं नाही. त्या वेळी शुद्धीत राहून हे सगळं तूच समजावत बसणार का? म्हणून एकाला माहीत असावं, आणि पाकिटात एक चिठ्ठी असावी, ट्रान्सप्लांट झालंय, ही औषधं चालू आहेत, या नंबरवर फोन करा. बाकीच्यांसमोर घ्यायची वेळ आली तर "रोजची गोळी आहे" एवढं म्हणून पाण्याचा घोट घे आणि विषय बदल. आजकाल पंचविशीतली किती पोरं थायरॉइडची, बीपीची गोळी घेतात, लोक पुढच्या मिनिटाला विसरतात.

हात थरथरण्याबद्दल डॉक्टरांना कधी सांगितलंयस का? पत्रावरून तरी नाही वाटत. टॅक्रोमुळे हात थरथरणं हा ओळखीचा त्रास आहे, त्यावर डोस, गोळीचा प्रकार असं काही ना काही बदलून बघता येतं, हळूहळू सुटणाऱ्या टॅक्रोवर काहींचा थरकाप कमीही होतो. मायकोफेनोलेटने पोट बिघडत असेल तर त्याचाही वेगळ्या आवरणाचा प्रकार असतो. केस गळणं, चेहरा गोल होणं, वजन, मूड, ही सगळी तक्रार म्हणून सांगायची गोष्ट आहे, सहन करून मनातल्या मनात गोळीवर सूड उगवायची नाही. ज्या मुली-बायका हे वाचतायत त्यांच्यासाठी एक, बाळाचा विचार असेल तर मायकोफेनोलेट चालत नाही, पण ती स्वतः बंद करू नका, आधी डॉक्टरांना सांगा, ते वेळेत दुसरं औषध, बहुतेक अ‍ॅझाथायोप्रिन, सुरू करून मग पुढे जाऊ देतात.

पैशाचं तू एकाच ओळीत लिहिलंयस आणि मला तीच ओळ सगळ्यात जास्त लागली. ऑफिसचा ग्रुप इन्शुरन्स बहुतेक वेळा अ‍ॅडमिट झाल्यावरच कामाला येतो, दर महिन्याच्या गोळ्यांना नाही, आणि नव्या नोकरीत भाडं, मेस, गावी पाठवायचे पैसे हे सगळं जाऊन गोळ्यांना काय उरतं हे मी समजू शकते. पण गोळी पुरवून वापरणं हा यातला सगळ्यात महाग उपाय आहे, डायलिसिसचं बिल तू पाहिलेलं आहेस. महिन्याचा पगार हातात आला की पहिला खर्च गोळ्यांचा कर, भाड्याच्याही आधी, आणि कायम पंधरा दिवसांचा साठा पुढे ठेव, शेवटची पट्टी उघडली की नवीन आलीच पाहिजे. डॉक्टरांना सरळ विचार, स्वस्त कंपनीची चालेल का. जनऔषधी केंद्रांच्या यादीत टॅक्रोलिमस आणि मायकोफेनोलेट दोन्ही आहेत, प्रत्येक दुकानात स्टॉक मिळेलच असं नाही, आधी फोन करून बघ. मात्र टॅक्रोची कंपनी बदलली की डॉक्टरांना कळवून लेव्हल परत करायची, आणि दर महिन्याला जी स्वस्त मिळेल ती असं करायचं नाही, एक ठरली की तीच. मेडिकलवाल्याने "सेमच आहे" म्हणून दुसरी पट्टी दिली तर घेऊ नकोस. हॉस्पिटलचे मेडिकल सोशल वर्कर असतात, त्यांना जाऊन भेट, ट्रस्टची मदत, कंपनीच्या सवलतीच्या योजना, आणि जे दारिद्र्यरेषेखाली आहेत त्यांच्यासाठी राष्ट्रीय अवयव प्रत्यारोपण कार्यक्रमात या औषधांसाठी मदतीची तरतूद, हे सगळं त्यांना माहीत असतं. लाज वाटून घेऊ नकोस, त्यांचं ते कामच आहे.

घरात ट्रान्सप्लांटचा पेशंट असलेल्या बाकीच्यांसाठी थोडं इथेच लिहिते, कारण गोळ्या सगळ्या वेळेवर घेऊनही काही गोष्टींनी घोळ होतो. गुळवेल, इम्युनिटी वाढवणारे काढे, चूर्णं, हे नको, आपण प्रतिकारशक्ती मुद्दाम दाबून ठेवतोय आणि हे तिला उचकवायला जातं. मावशीने कितीही मायेने पाठवलं तरी. कोकणातून पपनस आलं तर ते पण नको, त्याने आणि ग्रेपफ्रूटने टॅक्रो रक्तात वाढते. दुसऱ्या कुठल्याही डॉक्टरने, दातांच्या, त्वचेच्या, कुणीही औषध लिहिलं तर आधी ट्रान्सप्लांट टीमला विचारा, क्लॅरिथ्रोमायसिन, फ्लुकोनॅझोल यांनी लेव्हल चढते, टीबीच्या रिफॅम्पिसिनने आणि फिटच्या काही औषधांनी एकदम खाली येते.

आता आई. सांग. माझं मत विचारलंस तर सांगच, पण आजच्या सव्वानऊच्या फोनवर नको. आधी डॉक्टर, तपासण्या, नवी वेळ, डबा, हे सगळं जागेवर येऊ दे, आणि मग सांगलीला जाशील तेव्हा समोर बसून. म्हणजे तिच्या हातात नुसती काळजी पडणार नाही, पुढे काय ठरलंय तेही कळेल. सगळा हिशेब द्यायची गरज नाही, "पुण्यात आल्यावर माझे डोस राहायला लागले होते, मला तुला सांगायची भीती वाटली, डॉक्टरांना सांगितलंय, आता असं असं चाललंय" एवढं बोल. ती रडेल, चिडेल कदाचित, ते होऊ दे, लगेच समजावायला जाऊ नकोस. गुपचूप सुधारायचं हा तुझा दुसरा पर्याय मला पटत नाही, कारण नोकरी बदलेल, लग्न होईल, एखादा वाईट महिना येईल, परत डोस राहतील, आणि तेव्हा परत खोटंच बोलावं लागेल.

आणि तो फोन बदल. "गोळी घेतलीस का" याला हो किंवा नाही एवढंच उत्तर आहे आणि नाही म्हणायची सोय तुम्ही दोघांनी ठेवलेली नाही. तिला सांग की आई, तू रोज विचारू नकोस, मी रविवारी डबा भरतो तेव्हा तुला फोटो पाठवतो, आठवड्यात राहिल्या असतील तर तेही सांगतो, तू रागावायचं नाहीस, आपण कारण शोधायचं. रोजच्या फोनवर मग दुसरं काहीतरी बोला. तूच तिला विचार, तिचं बीपी किती आहे, वर्षाची लघवी आणि क्रिएटिनिनची तपासणी झाली का. किडनी दिलेल्या माणसाने दर वर्षी ती करायची असते, जन्मभर, आणि आपल्याकडे ऑपरेशन झालं की देणाऱ्याला सगळे विसरून जातात, विशेषतः ती आई असेल तर. तिचं शेवटचं चेकअप कधी झालं हे तुला माहीत आहे का?

तपासणीत काही निघालं तर, हा विचार तुझ्या मनात येत असणारच. निघू शकतं, मी खोटा दिलासा देणार नाही. साधं रिजेक्शन, म्हणजे शरीराने किडनी नाकारायला लागणं, लवकर सापडलं तर स्टिरॉइडची मोठी इंजेक्शनं दोन-तीन दिवस देतात आणि बऱ्याच जणांची किडनी सावरते. अँटिबॉडीवालं जास्त अवघड असतं, तरी औषधं घट्ट करून नुकसानाचा वेग कमी करण्याचा प्रयत्न होतो, आणि त्यात आज कळण्यात आणि दोन वर्षांनी कळण्यात फार फरक आहे. काहीही निघणार नाही हीसुद्धा चांगली शक्यता आहे.

जाताना घरातल्या सगळ्या पट्ट्या, अर्ध्या उरलेल्या धरून, एका पिशवीत घालून ने, आतापर्यंत कुठल्या कंपन्यांच्या घेतल्यास तेही कळेल. आज रात्रीपासून सगळे डोस घ्यायचेच आहेत, पण या वेळी रिपोर्ट चांगला दिसावा म्हणून काही लपवू नकोस, आतापर्यंत राहिलेले डोस तारखेसकट लिहून ने. त्या सकाळची टॅक्रो रक्त द्यायच्या आधी घ्यायची नाही, खिशात ठेव, आणि रक्त दिलं की तिथेच पाण्याची बाटली काढून घे.